संजयाला दिसतंय सगळं, पण हुकूम कोणी द्यायचा?

अंजली_ठाणे

नमस्कार मंडळी. लष्करातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगते. माझं काम पडद्यांचं, म्हणजे कंपन्यांना डॅशबोर्ड बनवून द्यायचं. मागे एका शीतगृहवाल्यांना असाच एक बनवून दिला. गाडीतलं तापमान वाढलं की पडद्यावरची चौकट लाल. एका रात्री ती खरोखर लाल झाली. ड्यूटीवरच्या पोराला दिसली, त्याच्या सुपरवायझरला दिसली, साहेबांना घरी मोबाइलवर दिसली. गाडी वाटेतल्या डेपोत वळवायची परवानगी कोणी द्यायची, यावर चार तास फोनाफोनी झाली आणि गाडीभर श्रीखंडाचं पाणी झालं. माझी चौकट अगदी वेळेवर लाल झाली होती हो!

ऑपरेशन सिंदूरनंतर आकाशतीर, आयएसीसीएस वगैरे हवाई संरक्षणाच्या यंत्रणांची नावं सगळीकडे ऐकली. भिंतभर पडदे आणि समोर बसलेले अधिकारी, असे फोटो पाहिले. त्याच्या आधी, २४ जानेवारी २०२५ ला, रणभूमीवर टेहळणी करणारी २,४०२ कोटींची एक प्रणाली लष्करासाठी रवाना झाली. तिचं नाव 'संजय'. मला हसूच आलं. महाभारतातल्या संजयालाही सगळं घरबसल्या दिसत होतं की. ऐकणारा धृतराष्ट्र होता, त्याचं काय?

तर प्रश्न असा. भूदल, नौदल, हवाई दल, तिघांना एकच चित्र दिसायला लागलं की निर्णय खरंच लवकर होतो का? की माझ्या श्रीखंडासारखं होतं?

रिकामटेकडी

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. श्रीखंडाबद्दल मनापासून वाईट वाटलं.

इतिहासवेडा

बातमी काढण्याचा विषय निघाला आणि बहिर्जी नाईकांचं नाव नाही? बहिर्जींनी आणलेली बातमी थेट महाराजांच्या कानावर जायची, मधे कारकुनांची उतरंड नव्हती. पुढे पानिपतावर काय झालं बघा. १४ जानेवारी १७६१ ला रण पडलं. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले, वाटेत भिलशाजवळ. त्यांना पहिली पक्की बातमी मिळाली ती एका सावकाराच्या पत्रातून, दोन मोती गळाल्याची, आणि तीही लढाईला आठवडा उलटून गेल्यावर. म्हणजे सरकारच्या डाकेआधी हुंडीवाल्यांची डाक!

तटस्थ

कुठल्याही धाग्यावर तिसऱ्या प्रतिसादाच्या आत बहिर्जी नाईक येतात. पुरणपोळीच्या धाग्यावरही आले होते. हलके घ्या.

इतिहासवेडा

पुरणपोळीच्या धाग्यावर मी आग्र्याच्या पेटाऱ्यांबद्दल लिहिलं होतं. आधी नीट वाचा.

बंडू_बिनतारी

अंजली, आधी हे काय प्रकरण आहे ते सांगतो. माझा संबंध फक्त दूरसंचाराशी. बाकी जे लिहितोय ते जाहीर माहितीतलंच.

आयएसीसीएस ही हवाई दलाची. तिच्याखाली एएफनेट नावाचं हवाई दलाचं स्वतःचं जाळं आहे, ते २०१० मध्ये सुरू झालं. जमिनीवरची रडारं, आकाशातली टेहळणी विमानं, नागरी उड्डाणाची रडारं, सगळ्यांचं त्यात एकत्र येतं. ऐकायला सोपं वाटतं, पण मेख इथेच आहे. एकच विमान तीन रडारांना दिसलं तर पडद्यावर तीन ठिपके येतात. प्रत्येकाचा कोन थोडा वेगळा, वेळ सेकंदभर मागेपुढे, चूक वेगवेगळी. हे तीन ठिपके म्हणजे एकच विमान की खरोखर तीन विमानं, हे यंत्राने ठरवायचं. त्यात चुकलं तर एकतर भुतं दिसतात, नाहीतर खरं विमान गायब होतं.

आकाशतीर ही भूदलाच्या हवाई संरक्षणवाल्यांची. मार्च २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी सुमारे १,९८२ कोटींचा करार झाला. पूर्वी एल-७० तोफेवरच्या माणसाला बिनतारीवरून तोंडी कळायचं, 'अमुक दिशेने येतंय'. आता त्याच्या पडद्यावर येतं. मे २०२५ मध्ये ही दोन्ही जोडलेली होती. आलेली ड्रोनं बघता ते बरंच झालं. स्वस्तातल्या ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र सोडायचं की तोफेने भागेल, हे ठरवायला दोघांना एकच चित्र दिसावं लागतं.

तेव्हा माझं उत्तर: हो, निर्णय लवकर होतो. नक्कीच होतो.

सातारकर_आबा

बंडूराव, तुमचं बरोबर आहे, पण अर्धं.

मी हवाई दलात रडारवर होतो. निवृत्त होऊनही जमाना झाला, तेव्हा जुनंच सांगतो, त्यात गुपित काही उरलेलं नाही. आमच्या ऑपरेशन्स रूममध्ये पर्सपेक्सचा भला मोठा उभा बोर्ड असायचा, काचेसारखा आरपार. त्यावर नकाशाच्या रेघा. आम्ही बोर्डाच्या मागे उभे. कानाला हेडफोन, हातात चायनाग्राफ पेन्सिल, म्हणजे मेणाची. पलीकडून आकडे यायचे आणि आम्ही खूण करायची. समोर बसलेल्या कंट्रोलरला सरळ दिसायला हवं, म्हणून आम्ही मागून सगळं उलटं लिहायचं. आरशातल्यासारखं. नव्या पोराला आधी उलटे आकडे गिरवायला लावायचे. मला इतकी सवय झाली की सुटीवर घरी आल्यावर वाण्याची यादीसुद्धा एकदा उलटी लिहिली होती. सौ. अजून सांगते सगळ्यांना.

खालून उडणारं विमान रडारला दिसत नाही. त्यासाठी सीमेवर, टेकाडांवर आमची माणसं दुर्बीण आणि बिनतारी संच घेऊन बसायची. त्यांनी बघायचं, बोलायचं, मग ते आमच्या काचेवर उमटायचं. यात मिनिट सहज जायचं. जेट तेवढ्यात पंधरा किलोमीटर पुढे. म्हणजे काचेवर दिसायचं ते विमान कुठे होतं ते, कुठे आहे ते कधीच नाही. तुमच्या नव्या यंत्राने हे मिनिट वाचवलं, त्याला माझा सलाम.

पण खूण उमटली की लगेच प्रश्न यायचा, आपलं की परकं? त्यासाठी देशात उडणाऱ्या प्रत्येक विमानाला एअर डिफेन्स क्लिअरन्सचा नंबर घ्यावा लागतो, आजही. नंबर जुळला नाही की टेलिफोन सुरू. एखादं हेलिकॉप्टर ऐनवेळी निघालेलं असायचं आणि त्याचा कागद अजून कुठल्या तरी टेबलावर. यंत्र वेगवान झालं तरी कागद टेबलावरच असेल तर काय उपयोग?

आणि हुकूम. अंजलीताई, तुमचा प्रश्न खरा इथे आहे. तोफेवरच्या माणसाला विमान दिसल्यावर हुकूम विचारायला वेळच नसतो. म्हणून हुकूम आधीच दिलेला असतो. 'वेपन होल्ड' म्हणजे स्वतःच्या बचावाशिवाय किंवा थेट हुकमाशिवाय सोडू नका. 'वेपन टाइट' म्हणजे शत्रू आहे अशी खात्री पटली तरच सोडा. 'वेपन फ्री' म्हणजे आपलं आहे अशी खात्री नसेल तर सोडा. या तीन शब्दांत सगळं आलं. निर्णय त्या क्षणी कोणी घेत नाही, तो सकाळीच घेऊन ठेवलेला असतो. कोणत्या भागात, किती वाजेपर्यंत, कोणता शब्द लागू, हे ज्याने ठरवलं त्यानेच खरा निर्णय घेतला.

रिकामटेकडी

आबा, पॉपकॉर्न बाजूला ठेवले आहेत. अजून लिहा ना.

कोथरूडची_मीनल

वाचनखूण साठवली. 'निर्णय सकाळीच घेऊन ठेवलेला असतो' हे फ्रीजवर चिकटवणार आहे. आमच्याकडे संध्याकाळी सहा वाजता विचारतात, भाजी काय करू.

परदेशी_पांडू

आबांना दंडवत. फक्त 'एकच चित्र' या गोष्टीवर थोडं पाणी ओततो.

३ जुलै १९८८. अमेरिकेची व्हिन्सेन्स ही युद्धनौका पर्शियन आखातात. तिच्यावर एजिस, त्या काळातली जगातली सगळ्यात भारी प्रणाली. इराणचं प्रवासी विमान बंदर अब्बासहून उडालं आणि सात मिनिटांत या नौकेने ते पाडलं. २९० माणसं गेली. नंतर नोंदी तपासल्या तर यंत्र बरोबर सांगत होतं, विमान वर चढतंय. नौकेवरचे लोक एकमेकांना ओरडून सांगत होते, खाली येतंय, आपल्यावर येतंय. आधीच इराणी बोटींशी चकमक चालू होती, सगळ्यांच्या डोक्यात हल्लाच. पडदा खरा, डोळे भलतेच.

इराकच्या युद्धात पुन्हा तेच. २३ मार्च २००३ ला अमेरिकन पॅट्रिअट क्षेपणास्त्राने ब्रिटिश टोर्नेडो विमान पाडलं, दोघं गेले. दहा दिवसांत अमेरिकेचंच एफ-१८. वेग वाढला की चूकही त्याच वेगाने होते.

बंडू_बिनतारी

पांडू, मान्य. पण त्यावर उपाय आणखी चांगली ओळखयंत्रणा हाच ना? आयएफएफ, म्हणजे आपलं-परकं ओळखणारी यंत्रणा, सुधारा. वेग कमी करा असं तर कोणी म्हणणार नाही.

शंकासुर

आयएफएफ चालू असायला हवं, हीही एक अट असते हो बंडूराव. आपल्याकडचंच उदाहरण आहे, कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. २७ फेब्रुवारी २०१९, बडगाम. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानी विमानं आली, वर धुमश्चक्री चालू, आणि आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी स्वतः ती मोठी चूक असल्याचं सांगितलं. क्षेपणास्त्र हवाई दलाचं, हेलिकॉप्टर हवाई दलाचं, तळही हवाई दलाचा. यात तीन दलांच्या समन्वयाचा प्रश्नच नव्हता. एकाच घरात हे झालं. मग तीन घरं जोडल्यावर काय?

सातारकर_आबा

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. यापुढे या विषयावर मी लिहिणार नाही. क्षमस्व.

मकरंद_कराड

सगळे यंत्रांबद्दल बोलताय, मी माणसाबद्दल बोलतो. आमच्या कराडचे यशवंतराव. १ सप्टेंबर १९६५, छांब. पहाटे पाकिस्तानी रणगाडे आत घुसले. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे गेले, हवाई दल वापरायचं म्हणून. १९६२ मध्ये हवाई दल हल्ल्याला वापरलंच नव्हतं, ती जखम ताजी होती. यशवंतरावांनी काही मिनिटांत 'हो' म्हटलं. पाच वाजून एकोणीस मिनिटांनी पठाणकोटहून पहिली विमानं उडाली. पडदा नाही, डॅशबोर्ड नाही. हो म्हणायची धमक हवी!

शंकासुर

मकरंद, यशवंतरावांबद्दल आदर आहेच. पण पूर्ण सांगा ना. पहाटे हल्ला झाला आणि मागणी दुपारी चारला त्यांच्यापर्यंत आली, म्हणजे बारा तास खालीच गेले. पाठवली ती व्हॅम्पायर विमानं, तेव्हाच जुनाट झालेली. संध्याकाळचा प्रकाश, खाली रणगाडे कोणाचे ते वरून ओळखणं अवघड, आपलेही काही सापडले. चार व्हॅम्पायर परत आली नाहीत. मंत्र्याचा निर्णय पाच मिनिटांत, पण आधी दोन दलांनी एकत्र बसून ठरवलेलं काहीच नव्हतं, त्याची किंमत वैमानिकांनी दिली.

मकरंद_कराड

तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायचीच असते. तरी बारा तासांचा मुद्दा बरोबर आहे. मलाही तेच म्हणायचंय, उशीर यशवंतरावांच्या टेबलावर झाला नाही.

नाखवा

मी दाभोळकडचा. जमिनीवरचं तुम्ही बघा, मी पाण्यातलं सांगतो.

२६/११ ला ती दहा पोरं 'कुबेर' ट्रॉलरवरून आली आणि रबरी बोटीने बधवार पार्कला उतरली. कोळीवाड्यातल्या माणसांना ती दिसली होती, त्यांनी हटकलंही होतं. म्हणजे तुमचा सेन्सर चालू होता ताई. डोळे होते, पण त्या डोळ्यांची वायर कुठेच जोडलेली नव्हती.

नंतर बरंच झालं. २००९ मध्ये समुद्राकडच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलावर टाकली आणि मुंबईसह चार ठिकाणी संयुक्त केंद्रं काढली. २०१४ च्या नोव्हेंबरात पर्रीकरांनी गुरुग्रामला एका केंद्राचं उद्घाटन केलं. नौदल आणि तटरक्षक दलाची ५१ ठाणी तिथे जोडली. किनाऱ्यावरची रडारं, जहाजांचे एआयएस (जहाजाची ओळख आणि ठिकाण कळवणारे संच), सगळं एका पडद्यावर. आता मोठं जहाज लपत नाही.

पण आमच्या छोट्या होड्यांचं काय? हंगामात रात्री दाभोळच्या खाडीबाहेर उभं राहून बघा, दिव्यांचा बाजार भरल्यासारखा दिसतो. त्यात परकी होडी कोणती ते रडारला काय कळणार? आम्हाला कळतं. इंजिनाच्या आवाजावरून कळतं ट्रॉलर कुठल्या बाजूचा. जाळं टाकायच्या पद्धतीवरून कळतं. मागे एकदा आम्ही एक बेवारस दिसणारी होडी कळवली, तर फोनवरच्या माणसाने आधी माझंच नाव, गाव, लायसन नंबर, बापाचं नाव विचारलं. अर्धा तास. तोवर ती होडी क्षितिजापार. नंतर कळलं की ती हर्णैचीच होती, इंजिन बंद पडलं होतं, म्हणजे मदत हवी होती बिचाऱ्यांना. मी कोणाचं नाव घेत नाही, नंतर तिथे चांगला माणूस आला. पण पुढच्या वेळी कळवायला हात कचरतो की नाही?

नंबर सगळ्यांनी पाठ करा, किनाऱ्यावर फिरायला जाता तेव्हा उपयोगी पडेल. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.

कोथरूडची_मीनल

नंबर सेव्ह केले. नाखवा, जाळं टाकायच्या पद्धतीवरून कसं कळतं? यावर वेगळा धागा काढा ना.

नाखवा

काढतो, पावसाळ्यात. बंदीच्या दिवसांत वेळच वेळ.

इतिहासवेडा

समुद्राचा विषय निघाला म्हणून १९७१ मधला एक प्रसंग सांगतो. यात बहिर्जी नाहीत, तटस्थ यांनी निश्चिंत असावं.

मुक्तिवाहिनीच्या दोन तोफनौका होत्या, 'पद्मा' आणि 'पलाश'. त्यांच्यासोबत भारतीय नौदलाची छोटी गस्तनौका, नाव 'पनवेल'. हो, आपलं पनवेल. नेतृत्व सामंत नावाच्या मराठी अधिकाऱ्याकडे, पुढे त्यांना महावीर चक्र मिळालं. १० डिसेंबरला हा ताफा नदीतून खुलन्याकडे निघाला. आपल्या विमानांना ओळखू यावं म्हणून नौकांचा वरचा भाग पिवळा रंगवला होता आणि हवाई दलाला तसं कळवलंही होतं. तरी खुलन्याजवळ आपल्याच विमानांनी हल्ला केला. पद्मा आणि पलाश गेल्या. पलाशवर इंजिनरूममध्ये रुहुल अमीन होते, ते शहीद झाले. बांगलादेशाने त्यांना 'बीर श्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान दिला. पनवेल वाचली, आणि पाण्यात पडलेल्यांना तिनेच वर काढलं.

निरोप पाठवला होता, रंगही लावला होता. वैमानिकाच्या डोक्यात मात्र ते शेवटच्या क्षणी नव्हतं.

तटस्थ

हे माहीत नव्हतं. पनवेल म्हटलं की मला फक्त एसटी स्टँड आणि 'दहा मिनिटं थांबेल' आठवायचं. सामंतांबद्दल आणखी लिहा. (बहिर्जींबद्दलचा टोमणा मागे घेतो, आजच्यापुरता.)

परदेशी_पांडू

अमेरिकेत हे असंच होतं. एप्रिल १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायला चारही दलं गेली, वाळवंटात हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानाची टक्कर झाली, आठ जण गेले. १९८३ मध्ये ग्रेनाडात भूदलाचे रेडिओ नौदलाच्या जहाजांशी बोलू शकत नव्हते. शेवटी १९८६ मध्ये काँग्रेसने गोल्डवॉटर-निकोल्स कायदा केला. दलप्रमुखांनी माणसं तयार करायची, लढवायचं काम त्या त्या प्रदेशाच्या एका कमांडरने करायचं, मग गणवेश कोणताही असो. आणि वरच्या पदाला जायचं तर दुसऱ्या दलांसोबत काम केलेलंच हवं. या शेवटच्या अटीने खरा फरक पडला, असं मला वाटतं. बढती अडली की समन्वय आपोआप सुचतो.

शंकासुर

आपल्याकडे तोच वाद चालू आहे. भूदलाच्या सात, हवाई दलाच्या सात, नौदलाच्या तीन, अशा सतरा कमांड. चीन सीमेकडे बघणारी भूदलाची कमांड एका गावात, हवाई दलाची दुसऱ्याच. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समिती झाली, मग मंत्रिगटाने २००१ मध्ये सांगितलं, संरक्षण दलप्रमुख नेमा. त्याच वर्षी अंदमानला तिन्ही दलांची कमांड काढली, एक नमुना म्हणून. पद मात्र भरलं १ जानेवारी २०२० ला, जनरल रावत. निर्णयाचा वेग वाढवायचा निर्णय घ्यायला आपल्याला एकोणीस वर्षं लागली!

व्यवस्थापक

शंकासुर, कोणत्या सरकारने किती वर्षं घालवली यावर धागा घसरला तर कुलूप लागेल. आधीच सांगून ठेवतो.

शंकासुर

घसरणार नाही. दोन्हीकडची सरकारं त्यात आली, म्हणून कोणीच भांडणार नाही. :)

खडकवासला_एक्स्प्रेस

उशिरा आलो. अठ्ठावीस वर्षं भूदलात काढली, आता पुण्यात. दोन गोष्टी लिहितो.

आमच्याकडे समन्वयाची सगळ्यात जलद यंत्रणा म्हणजे कोर्समेट. एनडीएत तीन वर्षं एका स्क्वॉड्रनमध्ये राहिलेले, एकत्र रगडा खाल्लेले. पुढे एक वैमानिक, एक नौदलात, एक पायदळात. काही अडलं की अधिकृत पत्र निघायच्या आधी फोन, 'अबे, ते जरा बघ ना.' काम व्हायचं. १९७१ मध्ये मेघना नदी हेलिकॉप्टरने ओलांडली, ती जनरल सगत सिंग आणि हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांचं जमलं म्हणून. पूल पडलेला, एमआय-४ हेलिकॉप्टरं मोजकी, तरी ९ डिसेंबरच्या रात्रीपासून फेऱ्या मारमारून जवान पलीकडे नेले. कुठल्या योजनेत ते तसं लिहिलेलं नव्हतं. समोर बसलेल्या दोघांनी ठरवलं.

पण यात धोका काय, सांगतो. तुमचा कोर्समेट बदलीवर गेला की यंत्रणा बंद. समोर सगत सिंग नसले की नदी अडवते. म्हणून ओळखीवर चालणारी गोष्ट कागदावर आणावी लागते. २०२३ मध्ये तिन्ही दलांच्या संयुक्त संस्थांबद्दल कायदा झाला, तो १० मे २०२४ पासून लागू आहे. त्याआधी नौदलाच्या वरिष्ठाला त्याच्याच हाताखालच्या भूदलाच्या जवानावर शिस्तीची कारवाई करायची तर त्याला परत त्याच्या दलाकडे पाठवावं लागायचं. ज्याला शिक्षा करता येत नाही, त्याला हुकूम तरी कोणत्या तोंडाने द्यायचा? टीव्हीवर पडदे दाखवतात, हे दाखवत नाहीत.

दुसरी गोष्ट, थिएटर कमांड, म्हणजे एका प्रदेशातली तिन्ही दलं एकाच कमांडरच्या हाताखाली. मी भूदलवाला, मला त्या हव्यात. पण हवाई दलाचं म्हणणंही ऐका. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वॉड्रन ४२, सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. त्या तीन थिएटरांत वाटल्या तर सगळीकडे तुटपुंज्या. विमान सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला लढू शकतं, त्याला एका खुंटीला का बांधायचं? ऑगस्ट २०२५ मध्ये महूच्या परिसंवादात हवाई दलप्रमुखांनी उघड सांगितलं, घाई नको, आधी दिल्लीत संयुक्त नियोजनाचं केंद्र काढा. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. मग माझ्यासारख्या भूदलवाल्याने त्यांना हट्टी म्हणायचं. चालायचंच.

बंडू_बिनतारी

सर, मग यंत्राचा उपयोग शून्य?

खडकवासला_एक्स्प्रेस

असं कुठे म्हटलं? यंत्रामुळे वाद तरी एकाच चित्रावर होतो. पूर्वी दोघांचे नकाशेच वेगळे असायचे. भूदल ग्रिडमध्ये बोलायचं, हवाई दल अक्षांश-रेखांशात. एका सरावात मी जी टेकडी दाखवत होतो ती वैमानिकाला सापडेना, शेवटी 'तीन झाडं आणि पांढरं देऊळ' असं सांगितलं. तशी देवळं तिथे चार होती. बाँब सरावाचे होते म्हणून आज हसून सांगतोय.

मात्र आणखी एक घोळ आहे. पूर्वी आघाडीवर काय चाललंय ते दिल्लीला संध्याकाळी कळायचं, म्हणून कंपनी कमांडरला मोकळीक होती. आता दिल्लीतल्या साहेबालाही त्याचीच दरी लाइव्ह दिसते. दिसलं की हात शिवशिवतात. 'तो डावीकडचा दगड बघितला का?' असा फोन येतो. जी यंत्रणा निर्णय खाली सोपवायला आणली, तीच तो वर ओढायला लागते. आकाशतीरच्या सरकारी माहितीत हल्ल्याचा अधिकार पुढच्या तुकड्यांकडे सोपवल्याचं आवर्जून लिहिलंय, तसं खरंच राहिलं तर उत्तम.

रिकामटेकडी

हे तर आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीसारखं झालं. सेक्रेटरी अमेरिकेतून बघून वॉचमनला फोन करतात, 'कुत्रा आत आला.' वॉचमन कुत्र्याशेजारीच उभा असतो.

नाखवा

हाहाहा. आणि कुत्रा सोसायटीचाच असतो.

परदेशी_पांडू

आबांचं 'आपलं की परकं' पुन्हा आलंच की!

अंजली_ठाणे

सगळ्यांचे आभार. माझ्या प्रश्नाकडे परत येते.

मला वाटलं होतं 'दिसणं ते हुकूम' हा एकच पट्टा आहे, कुठूनही ओढला तरी सगळाच लवकर सरकेल. आता कळतंय की आबांचं काचेवरचं मिनिट वेगळं, पनवेलचा पिवळा रंग वेगळा आणि छांबचे बारा तास वेगळे. आम्ही पडदेवाले पहिलं मिनिट कापतो आणि टाळ्या घेतो.

काल त्या शीतगृहवाल्यांकडे पुन्हा गेले होते. डॅशबोर्डला हात लावला नाही. कंट्रोल रूमच्या भिंतीवर एक कागद चिकटवून आले: रात्री दहा ते सहा, तापमान आठच्या वर गेलं की ड्यूटीवरच्या माणसाने गाडी वळवायची, विचारायचं नाही. खाली मालकाची सही. सही मिळवायला पाऊण तास भांडले. मालक म्हणत होते, पण मला मोबाइलवर दिसतंच ना सगळं!

आबा, त्या कागदाला मी 'वेपन फ्री' नाव दिलंय. चालेल ना?

सातारकर_आबा

चालेल की. फक्त वेळ संपली की 'टाइट' करायला विसरू नका. आमच्याकडे शब्द बदलला की बोर्डाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहायचो. उलटं.

कोथरूडची_मीनल

अंजली, एक राहिलंच. त्या श्रीखंडाचे पैसे मिळाले का विम्यातून?

अंजली_ठाणे

नाही. विमावाल्यांनी 'परवानगी घेण्यात विलंब' असं कारण देऊन दावा फेटाळला. तो निर्णय मात्र दोन दिवसांत आला.